आशेच्या बाजारात स्वमग्न मुलांचे पालक

स्वमग्नता 'बरी' करण्याचा दावा करणाऱ्या उपचारांची यादी दर काही वर्षांनी बदलते. पालकांची ओढाताण मात्र तशीच राहते. सुशिक्षित, विचारी पालकही या उपचारांकडे का वळतात, त्यांना मुलात फरक का दिसतो आणि तो फरक उपचारामुळेच पडला हे कसे ठरवायचे, याचा हा आढावा.

मूल दीड-दोन वर्षांचे होते. हाक मारली तर वळून पाहत नाही, हवी ती वस्तू बोटाने दाखवत नाही, बोलू लागलेले चार शब्दही हळूहळू हरवतात. 'मुलगे उशिराच बोलतात', 'त्याचे काकाही चौथ्या वर्षी बोलले', असे म्हणत घरातील वडीलधारी मंडळी धीर देत राहतात. आईच्या मनातील शंका मात्र जात नाही. बालरोगतज्ज्ञांकडून बालविकासतज्ज्ञांकडे अशा फेऱ्या होतात आणि एके दिवशी 'ऑटिझम' अर्थात स्वमग्नता हे निदान हाती पडते. 'यावर औषध कोणते?' हा पालकांचा पहिला प्रश्न असतो. 'औषध नाही. प्रशिक्षण आहे आणि ते अनेक वर्षे चालेल,' हे त्याचे प्रामाणिक उत्तर. हे उत्तर घेऊन घरी परतलेले आई-वडील त्याच रात्री दुसरा मार्ग शोधू लागले, तर त्यात नवल ते काय?

मार्ग सुचवणाऱ्यांचीही वानवा नसते. कोणी होमिओपॅथीचे डॉक्टर सुचवतो, कोणी गहू आणि दूध बंद करायला सांगतो. कोणी शरीरातील 'विषारी धातू' बाहेर काढण्याची भाषा करतो, कोणी प्राणवायूच्या बंद कक्षात मुलाला बसवण्याचा सल्ला देतो, तर कोणी मुलाच्याच अस्थिमज्जेतून काढलेल्या मूळपेशी त्याच्या मणक्यात टोचण्याचा. प्रत्येकाजवळ बऱ्या झालेल्या एखाद्या मुलाची हकीकत तयार असते. हकीकत सांगणारा बहुधा खोटे बोलत नसतो, आणि पालकांची पंचाईत नेमकी तिथेच होते.

रोग की वेगळी जडणघडण?

अमेरिकेतील बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली, तेव्हा वैद्यकाला स्वमग्नतेची स्वतंत्र ओळख पटली. आज ती मेंदूच्या विकासातील एक वेगळी जडणघडण मानली जाते. तिची सुरुवात जन्मापूर्वीच होते आणि तिच्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. इतरांशी संवाद साधण्यातील अडचणी, त्याच त्या कृतींची वा विषयांची ओढ आणि आवाज, स्पर्श, प्रकाश यांबाबतची कमीअधिक संवेदनशीलता ही तिची प्रमुख लक्षणे होत. त्यांचे प्रमाण प्रत्येक मुलात निराळे असते. एखादे मूल अजिबात बोलत नाही, तर दुसरे रेल्वेचे संपूर्ण वेळापत्रक तोंडपाठ म्हणून दाखवते.

स्वमग्नतेच्या या मूळ लक्षणांवर परिणामकारक ठरलेले औषध अद्याप उपलब्ध नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००६ मध्ये रिस्पेरिडोन आणि २००९ मध्ये अ‍ॅरिपिप्राझोल या औषधांना मान्यता दिली. पण ती स्वमग्न मुलांमधील तीव्र चिडचिड आणि आक्रमकता यांपुरती. झोपेच्या तक्रारी, आकडी किंवा बद्धकोष्ठता असेल तर त्यांवर स्वतंत्र उपचार होतात आणि ते व्हायलाच हवेत. पोटदुखी थांबलेले मूल शांत होते, चांगले शिकू लागते. मात्र त्याचा अर्थ त्याची स्वमग्नता पोटातून आली होती, असा होत नाही.

अविश्वासाची मुळे

पालकांचा डॉक्टरांवरील अविश्वास निष्कारण नाही. विसाव्या शतकाच्या मध्यावर अनेक मानसोपचारतज्ज्ञ स्वमग्नतेचे खापर आईवर फोडत. आई थंड आणि मायाहीन असल्याने मूल स्वतःच्या कोशात गेले, असे हे तर्कट होते. ब्रूनो बेटलहाइम यांच्या १९६७ च्या 'द एम्प्टी फॉर्ट्रेस' या पुस्तकाने त्याचा मोठाच प्रसार केला. आधीच खचलेल्या मातांना या एका कल्पनेने अपराधी ठरवले.

तिला पहिला सज्जड पुराव्यांचा धक्का दिला तो बर्नार्ड रिमलँड यांनी. ते मानसशास्त्रज्ञ होते आणि एका स्वमग्न मुलाचे वडीलही. स्वमग्नतेचे मूळ जैविक आहे, आईच्या वागण्यात नाही, हे त्यांनी १९६४ च्या आपल्या ग्रंथात साधार मांडले. काळाने त्यांना बरोबर ठरवले. पुढे याच रिमलँड यांनी जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रांचा, विशिष्ट आहाराचा आणि इतर 'जैववैद्यकीय' उपचारांचा हिरिरीने पुरस्कार केला. १९९५ साली त्यांच्या संस्थेने सुरू केलेल्या 'डिफीट ऑटिझम नाऊ' या चळवळीतून हे उपचार जगभर पोहोचले. डॉक्टर चुकले होते आणि एक बाप बरोबर ठरला होता, हा अनुभव खरा होता. त्यातून 'डॉक्टर चुकतातच, पालकांचे डोळे चुकत नाहीत' असा समज मात्र रुजला. तो किती महागात पडू शकतो, हे सिक्रेटिनच्या प्रकरणात दिसले.

सिक्रेटिनचा धडा

सिक्रेटिन हे लहान आतड्यात तयार होणारे संप्रेरक. स्वादुपिंडाला पाचकरस सोडण्याचा इशारा देणे हे त्याचे काम. स्वादुपिंड नीट चालते की नाही, हे तपासताना डॉक्टर त्याचे इंजेक्शन देत. १९९६ साली अमेरिकेत पोटाच्या तक्रारी असलेल्या एका लहानग्या स्वमग्न मुलाला या तपासणीसाठी ते दिले गेले. पुढील काही आठवड्यांत त्याचे पोट सुधारले, तो नजरेला नजर देऊ लागला, शब्द उच्चारू लागला. नेमके काय बदलले याचा त्याच्या आईने चिकाटीने माग काढला आणि ती सिक्रेटिनपाशी येऊन थांबली.

१९९८ मध्ये अशा तीन मुलांचा वृत्तान्त एका वैद्यकीय नियतकालिकात आला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ही कहाणी अमेरिकी दूरचित्रवाणीवर झळकली आणि देशभरातील पालकांची डॉक्टरांकडे रीघ लागली. हजारो मुलांना इंजेक्शने दिली गेली. औषधाचा तुटवडा पडला, किमती भडकल्या. तोवर या औषधाला मान्यता होती ती केवळ तपासणीसाठी. स्वमग्नतेवर ते उपयुक्त आहे की नाही, हे कोणीही पद्धतशीर तपासलेले नव्हते.

ती तपासणी पुढे डिसेंबर १९९९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाली. नॉर्थ कॅरोलायनातील डॉ. एड्रियन सँडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६० मुले निवडली. त्यांपैकी ५६ मुलांनी चाचणी पूर्ण केली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने मुलांचे दोन गट पाडण्यात आले. एका गटाला सिक्रेटिन दिले आणि दुसऱ्याला मिठाचे निर्जंतुक पाणी, म्हणजेच औषधासारखे दिसणारे पण औषध नसलेले 'प्लासिबो'. कोणाला काय टोचले, हे पालकांनाही ठाऊक नव्हते आणि मुलांची पाहणी करणाऱ्यांनाही. लक्षणांची तीव्रता मोजण्यासाठी एक गुणपत्रिका वापरली गेली. गुण जितके कमी, तितकी लक्षणे सौम्य.

महिन्याभराने सिक्रेटिन घेतलेल्या मुलांचे गुण सरासरी सुमारे ९ अंकांनी घटले होते. मिठाचे पाणी घेतलेल्या मुलांचे सुमारे १८ अंकांनी! अर्थात, मिठाच्या पाण्यात गुण होता असे नव्हे. सुधारणा दोन्ही गटांत दिसत होती आणि तिचा सिक्रेटिनशी संबंध नव्हता, एवढाच त्याचा अर्थ. पुढे आणखी अनेक चाचण्या झाल्या. २०१२ साली 'कॉक्रेन' या संस्थेच्या आढाव्यात ९०० हून अधिक मुलांचा समावेश असलेल्या १६ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या; निष्कर्ष तोच राहिला.

सँडलर यांच्या अभ्यासातील आणखी एक आकडा विचार करायला लावणारा आहे. निष्कर्ष समजावून सांगितल्यानंतरही ६९ टक्के पालकांनी आपल्याला सिक्रेटिनमध्ये अजून रस असल्याचे सांगितले. त्यांना आकडेवारी समजली नव्हती, असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांच्यापुढे दुसरे काहीच ठेवले गेले नव्हते.

फरक दिसतो, तो का?

पालक खोटे सांगत नाहीत, तरी औषध निरुपयोगी ठरते, हे कसे? त्याची कारणे साधी आहेत. पहिले म्हणजे, स्वमग्न मूलही वाढत असते. तिसऱ्या वर्षी न बोलणारी कितीतरी मुले चौथ्या-पाचव्या वर्षी बोलू लागतात. त्या वर्षभरात जो उपचार चालू असेल, श्रेय त्याच्या पदरात पडते.

दुसरे कारण चढउतारांचे. स्वमग्न मुलांचे काही आठवडे फार वाईट जातात, काही बरे जातात. पालक नवा उपचार बहुधा अगदी वाईट काळात सुरू करतात. त्यानंतर येणारा बरा काळ औषधाशिवायही आलाच असता. पण तो उपचाराचा गुण वाटतो.

तिसरे कारण अपेक्षेचे. मोठी रक्कम मोजून, रजा काढून, लांबचा प्रवास करून उपचार घेतल्यावर आई-वडील मुलाकडे अधिक बारकाईने पाहतात, त्याच्याशी अधिक बोलतात. एरवी नजरेआड झाली असती अशी छोटी गोष्टही त्यांना जाणवते. शिवाय याच काळात स्पीच थेरपी, व्यवसायोपचार, शाळा हे सारे चालूच असते. पाच गोष्टी एकत्र केल्यावर कोणती लागू पडली, हे घरातल्या घरात ठरवणे कोणालाही शक्य नसते, डॉक्टर आई-वडिलांनाही नाही. म्हणूनच दोन गट, प्लासिबो आणि दोन्ही बाजूंनी झाकलेले डोळे हा खटाटोप करावा लागतो.

'करून पाहायला काय हरकत?'

नातेवाइकांकडून हमखास ऐकू येणारे हे वाक्य. हरकत काय, याची उत्तरे गेल्या काही दशकांच्या नोंदींत आहेत.

अँड्र्यू वेकफिल्ड यांनी १९९८ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये १२ मुलांविषयी निबंध प्रसिद्ध करून एमएमआर लशीकडे बोट दाखवले. तो निबंध २०१० मध्ये मागे घेण्यात आला आणि त्याच वर्षी वेकफिल्ड यांची वैद्यकीय नोंदणी रद्द झाली. डेन्मार्कमधील साडेसहा लाखांहून अधिक मुलांची माहिती तपासणाऱ्या २०१९ च्या अभ्यासातही एमएमआर लशीमुळे स्वमग्नतेचा धोका वाढल्याचे आढळले नाही. तरीही लस आणि तिच्याभोवतीची भीती मनातून गेली नाही. काही लशींत परिरक्षक म्हणून वापरल्या जाणाऱ्या पाऱ्याच्या संयुगावरही असाच ठपका आला. 'पारा आत गेला असेल तर तो बाहेर काढू,' या विचारातून 'किलेशन' हा उपचार पुढे आला. शिसे किंवा पारा यांची खरोखर विषबाधा झालेल्या रुग्णासाठी ही मान्य पद्धत आहे, स्वमग्नतेसाठी नाही. ऑगस्ट २००५ मध्ये अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात पाच वर्षांच्या एका स्वमग्न मुलाचा किलेशन चालू असताना मृत्यू झाला. दिलेल्या औषधाने त्याच्या रक्तातील कॅल्शियम धोकादायक पातळीपर्यंत घसरले होते.

क्लोरीन डायऑक्साइड म्हणजे विरंजनासाठी वापरले जाणारे रसायन. तेही 'चमत्कारी द्रावण' म्हणून मुलांना पाजले गेले. अमेरिकी औषध प्रशासनाला त्याविरुद्ध २०१० आणि पुन्हा २०१९ मध्ये इशारा द्यावा लागला. प्राणवायूच्या दाबकक्षाचा उपचार स्वमग्नतेसाठी मान्यताप्राप्त नाही, हेही याच प्रशासनाने २०१३ मध्ये स्पष्ट केले.

आहार आणि जडीबुटी तरी निर्धोक असतील, असे वाटणे स्वाभाविक आहे. गव्हातील ग्लुटेन आणि दुधातील केसीन वर्ज्य केल्याने स्वमग्नतेची मूळ लक्षणे कमी होतात, याला नियंत्रित चाचण्यांतून भरवशाचा आधार मिळालेला नाही. उलट, दुग्धजन्य पदार्थ वर्ज्य केलेल्या स्वमग्न मुलग्यांची हाडे अधिक पातळ असल्याचे २००८ च्या एका अमेरिकी अभ्यासात आढळले. ही मुले आधीच मोजकेच पदार्थ खातात. वरण-भात, पोळी आणि दूध एवढ्यावर ज्याचे पोषण चालते, त्याच्या ताटातून पोळी आणि दूध काढले तर उरते काय? अर्थात, ज्याला ग्लुटेन किंवा दूध खरोखरच सोसत नाही, त्याची गोष्ट वेगळी. ते तपासणीतून ठरते. आयुर्वेदिक औषधांबाबतही डोळस राहायला हवे. २००४ च्या एका अभ्यासात अमेरिकेतील बोस्टन परिसरात विकत घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले होते. पाऱ्याच्या भीतीने लस टाळायची आणि घटक ठाऊक नसलेली पुडी वर्षभर चाटवायची, हा विरोधाभास लक्षात घेण्याजोगा आहे.

मूळपेशींचा मोह

भारतात गेल्या काही वर्षांत पालकांना सर्वांत महागात पडलेला मार्ग मूळपेशी अर्थात स्टेम सेलचा. यात मुलाला भूल देऊन कमरेच्या हाडातून अस्थिमज्जा काढली जाते आणि त्यातील पेशी पाठीच्या कण्यातील द्रवात सोडल्या जातात. अनेक फेऱ्या सुचवल्या जातात. त्यासाठी पालक दागिने मोडतात, कर्ज काढतात.

पुराव्यांचे काय? अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात १८० मुलांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नाळेतील रक्ताच्या एका मात्रेने मुलांच्या सामाजिक संवादात प्लासिबोहून अधिक सुधारणा झाली नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मूळपेशींचा वापर रक्ताच्या काही विकारांसारख्या मोजक्या आजारांत मान्य आहे. इतरत्र तो केवळ मंजूर चाचणीपुरताच. डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने स्वमग्नतेवर मूळपेशींची शिफारस करता येत नाही, असा निर्वाळा दिला आणि असे उपचार करणे व जाहिरात करणे हे व्यावसायिक गैरवर्तन ठरेल, असे बजावले. जानेवारी २०२६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मंजूर चाचणीच्या चौकटीबाहेर स्वमग्नतेवर हा उपचार देता येणार नाही, असा निकाल दिला. तेव्हा 'संशोधन चालू आहे' असे सांगून कोणी पैसे मागत असेल, तर पालकांनी तिथेच थांबावे. खऱ्या चाचणीत सहभागी होणाऱ्याकडून उपचाराचे शुल्क घ्यायचे नसते.

मग करायचे काय?

'हे करू नका' एवढे सांगून पालकांचे समाधान होणार नाही आणि व्हायलाही नको. ज्या गोष्टींचा उपयोग दिसून आला आहे, त्या संथ आणि कष्टाच्या आहेत: मुलाच्या कलाने संवाद वाढवणे, वाचा आणि व्यवसायोपचार, चित्रांच्या किंवा उपकरणाच्या साह्याने बोलण्याला पर्याय देणे, रोजच्या कामांचे छोटे टप्पे पाडून ती शिकवणे. त्यांनी स्वमग्नता जात नाही. मुलाचे आणि घराचे जगणे सुकर होते.

या मदतीसाठी महागडे केंद्रच हवे असे नाही, हे दाखवणारा प्रयोग आपल्या शेजारी गोव्यात झाला आहे. 'संगत' या संस्थेचा सहभाग असलेल्या या प्रकल्पात गोवा आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथील ६५ मुलांचा समावेश होता. तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी सहा महिन्यांत १२ सत्रे घेऊन पालकांना मुलाशी संवाद साधण्याची रीत शिकवली. मूल काय पाहते आहे तिकडे लक्ष द्यायचे, त्याच्या कृतीची वाट पाहायची, त्याच्या संकेताला लगेच प्रतिसाद द्यायचा, असे या रीतीचे स्वरूप. नेहमीच्या सेवा घेणाऱ्यांशी तुलना करता या गटातील पालकांचा प्रतिसाद सुधारला आणि मुले आपणहून अधिक वेळा संवाद सुरू करू लागली, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसले. कोणी 'बरे' झाल्याचा दावा त्यात नाही. पण मुलाने आपणहून आईकडे वळणे, हीच तर त्या आईची पहिली इच्छा असते.

सरकारी पातळीवरही काही दारे उघडी आहेत. २०१३ साली पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत मुलांची विकासविषयक तपासणी आणि जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांतून पुढील सेवा अपेक्षित आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश आहे. राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेतून वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमाछत्र मिळू शकते.

नवा उपचार कोणी सुचवलाच, तर पालकांनी काही प्रश्न जरूर विचारावेत. प्लासिबोशी तुलना करणारी चाचणी झाली आहे का? दुष्परिणाम काय आणि ते झाल्यास जबाबदारी कोणाची? कोणता फरक, किती दिवसांत दिसायला हवा आणि न दिसल्यास कधी थांबायचे? या उपचारासाठी चालू असलेली थेरपी किंवा लस बंद करावी लागणार का? थांबण्याची वेळ सांगायला जो तयार नाही, त्याच्याकडून उपचार सुरूच करू नये. नुकसान नसलेली एखादी गोष्ट करून पाहायचीच असेल, तर ती एकट्यानेच करून पाहावी, आधीची स्थिती वहीत लिहून ठेवावी आणि फरक पडला का, हे ज्यांना त्या उपचाराची कल्पना नाही अशा शिक्षकांना विचारावे.

डॉक्टरांनीही एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. आपण रागावू या भीतीने अनेक पालक घरी चालू असलेल्या पुड्या, थेंब, पथ्ये लपवतात. हे लपवणे उपचाराइतकेच घातक ठरू शकते. 'आणखी काय देता?' हा प्रश्न आवाज न चढवता विचारला गेला, तर उत्तरही खरे मिळेल.

निदानाच्या कागदावर सही करताना पुढील भेटीची तारीख, जवळच्या केंद्राचा पत्ता आणि उद्या सकाळपासून घरी करता येतील अशा दोन-चार गोष्टी सांगितल्या गेल्या, तर आई-वडील रिकाम्या हातांनी घरी परतणार नाहीत. सिक्रेटिनच्या त्या ६९ टक्के पालकांना आकडेवारी देण्यात आली होती. त्यांना हवे होते ते उद्या मुलासाठी करता येण्याजोगे काही. ते देण्याची व्यवस्था जिल्ह्याजिल्ह्यांत उभी राहील, तेव्हाच हा आशेचा बाजार ओसरू लागेल.